चाळीस दिवसांआधी धुतलेले केस

कल्पना करा, तुम्ही न्हालेल्या केसांतून कंगवा फिरवताय. दर फेरीला त्याच्या दातांत केसांचा पुंजका अडकतोय. तुम्ही तो काढून टाकता, पुन्हा कंगवा लावता, पुन्हा तेवढाच पुंजका. आणि दुसऱ्यांचे केस करण्यावरच तुमचं पोट आहे.

यानिरीस ही सान्तियागो शहरातल्या एका सलूनमध्ये बायकांच्या केसांना रोलर लावायची. तिचं बाळ चार महिन्यांचं झालं आणि ती कामावरही डोक्याला रुमाल बांधून येऊ लागली.

"रुमालाखाली काय गं, कोंबडी उबवतेस?" केस करून घ्यायला खुर्चीत बसलेल्या ग्रिसेल्दाने सहज रुमाल ओढला. सगळ्या बायका हसल्या. रुंदावलेला भांग दिसला आणि हसू जागच्या जागी थांबलं. ग्रिसेल्दा मालकिणीला हळूच म्हणाली, "मला दुसरी कुणी दे बाई. लेकीचं लग्न आलंय."

यानिरीसला ते ऐकू गेलं. ती झाडू घेऊन जमीन झाडायला लागली. आपले गळलेले केस आधी.

तिला कारण ठाऊक होतं, निदान तसं वाटत होतं. बाळंतिणीने चाळीस दिवस डोक्याला पाणी लावायचं नाही, नाहीतर केस गळतात, हा तिथला नियम. तिची सासू एदुविखेस, जिला सगळे मानाने 'दोन्या' म्हणत, सुनेच्या कानात कापसाचे बोळे घालून पहारा द्यायची. पण उकाडा, घाम, दुधाचा वास! दुसऱ्याच आठवड्यात, सासू बाजारात गेल्यावर, यानिरीस नळाखाली बसली. वर सासूने विचारल्यावर "नाही धुतलं" असं सांगून मोकळी झाली. आता हे खोटंच डोक्यावर उगवलं होतं.

बाळाला लस द्यायला नेलं तेव्हा तिने मान खाली घालून डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"धुतल्याने नाही गळत," त्या म्हणाल्या. "पोटात बाळ असताना जे केस टिकून राहतात, ते बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी एकदमच सुटतात. मोठ्या तापानंतरही असं होतं. मुळं शाबूत असतात, काही महिन्यांत भरून येतं. रक्त तपासून घेऊ. अंडी, घेवडा पोटभर खा. घट्ट रोलर आणि गरम हवा सध्या नको. चट्टे पडले किंवा वर्षभरात थांबलं नाही, तर मात्र ये."

घरी आल्यावर ती सासूच्या पुढ्यात बसली.

"दोन्या, मी तेव्हा डोकं धुतलं होतं."

"माहितेय. उशी ओली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"गळायला लागले ना पोरी. शिक्षा तर मिळालीच होती, वर मी कशाला बोलू?"

यानिरीसने डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं. दोन्या घेवडा निवडत ऐकत राहिली, आणि मग हात थांबवून म्हणाली, "म्हणजे जिनं नाही धुतलं, तिचेही?"

"तिचेही."

दोन्याने मान खाली घालून पुन्हा घेवडा निवडायला घेतला. एवढा वेळ जी शरम सुनेच्या चेहऱ्यावर होती, ती आता समोर बसल्यासारखी वाटली. दोन्याची पाच बाळंतपणं, आणि पाचही वेळा पाण्याचा थेंब न लावलेलं डोकं. विचारायला यानिरीसची जीभ रेटेना: दोन्या, तुमचे गळले तेव्हा तुम्ही कुठल्या पापाची शिक्षा समजला होतात?