तुळईच्या पैशाचे बूट

"टेकू कोनं काढला? बाहेर व्हा, सारे बाहेर व्हा." असं ओरडत शाळेचा चपराशी खांद्यावर बाभळीचा टेकू घेऊन आत धावला. तो खोलीच्या मध्यावर पोचला न पोचला तोच तुळई मोडली. आधी वरून भुसा पडला, पिठासारखा. मग छपराचे कवेलू. मग तुळईचे दोन तुकडे होऊन ते बायका बसल्या होत्या तिथे आले. मी दारात उभी होते. मला खरचटलंसुद्धा नाही.

मी त्या दिवशी काय केलं आणि काय केलं नाही हे आता लिहून ठेवते. मी चौथी पास आहे. त्यापुढे शिकले नाही, म्हणून लिहिण्यात चुका असतील. सांगण्यात चूक नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या थोडी आधीची गोष्ट. आमचं गाव रिसोडच्या अलीकडे. आम्ही बागवाले माळी. गावाला लागून आमची मळई होती, म्हणजे भाजीचा मळा. विहिरीवर मोट चालायची. मेथी, पालक, वांगी, कांद्याची पात आम्ही लावायचो आणि आठवडी बाजारात विकायचो. मी नवरा वारल्यावर माहेरी परत आले होते. तेव्हा वय असेल विसाच्या आतबाहेर. माय थकली होती, बाप मोटेवर असायचा, म्हणून बाजारात मी बसायची. आमच्या रांगेत सात-आठ बायका होत्या. त्यातली मीच काय ती वाचू शकत होते.

गावात हायस्कूल निघून काही वर्षं झाली होती. इमारत नवी नव्हती. कुणाचं तरी जुनं धान्याचं कोठार होतं, मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. त्यात सगळ्यात मोठी खोली होती तिला हॉल म्हणत. त्या हॉलच्या तुळईला वाळवी लागली होती. कापसाच्या बाजारात व्यापारी दर गाडीमागे देवळासाठी धर्मादाय काढत. आमच्या रांगेतल्या बायका म्हणाल्या, देवाले देनारे लई हायेत, आपन शाळेले देऊ. तेव्हापासून प्रत्येकीने टोपली उतरवली की पहिली जुडी उचलून माझ्या पोत्यावर ठेवायची. तिला शाळेची जुडी म्हणायचं. मेथीची, पातीची, अंबाडीची, जिचं जे असेल ते. बाजार उठायच्या वेळी मी त्या जुड्या विकायची आणि पैसे आमच्या घरी मडक्यात टाकायची. नवी सागवानी तुळई आणायची, एवढ्याचसाठी. कोणी कधी हिशेब मागितला नाही. मी चौथी पास होते ना.

माझ्या शेजारी एक म्हातारी बसायची. कांद्याची पात विकायची. घरात ती आणि तिची पाच-सहा वर्षांची नात, दुसरं कोणी नाही. नातीला ती बाजारात सोबत आणायची. पाऊस असो, पात किडकी निघो, तिची पहिली जुडी माझ्या पोत्यावर पडायचीच. आणि ती वरची, चांगली जुडी असायची. बाकीच्या बायका कधी कधी कोमेजलेली ठेवायच्या. मीही ठेवली आहे.

चपराशी त्या शाळेत झाडलोट करायचा, घंटा द्यायचा. तुळईची त्याला काळजी. त्याने बाभळीचं जाड लाकूड तासून तुळईच्या मध्याखाली टेकू म्हणून उभं केलं होतं. पोरं त्याच्या भोवती बसून शिकायची. एकदा मी शाळेत भावाची भाकर द्यायला गेले तर त्याने मला हात करून आत बोलावलं. बाकावर चढला, माझ्या कमरेचं खुरपं मागितलं आणि तुळईत खुपसलं. दुधी भोपळ्यात जावं तसं ते मुठीपर्यंत गेलं. म्हणाला, टेकू हाय तोवर हाय. मी खुरपं पुसून कमरेला खोचलं आणि घरी आले. म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते.

माझा धाकटा भाऊ त्याच हायस्कुलात होता, नववीत. अभ्यासात सामान्य, पण चेंडू पायात आला की त्याच्याकडे बघत राहावं. बापाने मोट थांबवून त्याचा खेळ बघितलाय, आणि बापाने मायच्या आजारपणातसुद्धा मोट थांबवली नव्हती. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांनी फुटबॉलची टीम काढली होती. ते नागपुरात शिकलेले. शाळेत नकाशा फाटका होता, पाण्याचा रांजण फुटका होता, पण फुटबॉलचा ब्लॅडर फुटला तर दुसऱ्या दिवशी अकोल्याहून नवा यायचा. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. पोरं वाशीमच्या पोरांना हरवून आली त्या दिवशी गावात गूळ वाटला होता.

मग कारंज्याला सामने ठरले. जिंकणाऱ्यांना चांदीची ढाल होती. भाऊ घरी आला आणि न जेवता बसला. मी विचारलं तर म्हणाला, "बाई, कारंज्याच्या पोट्ट्याइले बूट हायेत. आमाले नाईत. ते पायावर पाय देतात अन् आमी लंगडत घरी येतो."

दुसऱ्या दिवशी मास्तर आमच्या मळ्यात आले. आमच्यासारख्यांच्या मळ्यात ते कधी आले नव्हते. धोतर सावरत बांधावरून चालत आले आणि माझ्याशी बसून बोलले, जसं शिकलेल्या माणसाशी बोलतात तसं. त्यांनी सांगितलं की अकरा जोड बूट, मोटारीचं भाडं आणि मुलांची जेवणं, एवढं हवंय. शेटलोक सत्काराला पेढे देतील पण बुटांना देणार नाहीत. तुळईचे पैसे महिनाभर दिले तर ढाल आली की शाळेची कमिटी स्वतःहून इमारतीचं काम काढेल, मग एक तुळई काय, सगळं छप्पर नवं होईल. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास होता.

मी म्हणाले, बायकांना विचारते.

विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या, निदान म्हातारी तरी. आणि भाऊ अनवाणी गेला असता. मी घरात गेले, मडकं आणलं आणि त्यांच्या उपरण्यात ओतलं. एका तुळईचे अकरा जोड झाले.

पुढच्या बाजारी म्हातारीने विचारलं की तुळईचं काय झालं. मडकं भरत आलं हे तिला माहीत होतं. मी म्हणाले की वाशीमच्या वखारीत लाकूड सांगितलंय, पण ओलं आहे, वाळलं की येईल. माळ्याच्या बाईला ओल्या लाकडाचं समजावून सांगावं लागत नाही. ओलं लाकूड वाकतं, फाटतं. तिने मान हलवली आणि बाकीच्यांना सांगितलं, घाई नोका करू, वाळू द्या. तेव्हापासून मला कोणी विचारलं नाही. आणि जुड्या येत राहिल्या.

बूट आले तेव्हा भाऊ ते घालून घरात चालला. शेणाने सारवलेल्या जमिनीत खिळ्यांचे ठसे उमटले. मायने शिव्या दिल्या. मला मात्र बरं वाटलं होतं. ते ठसे मी तीन दिवस सारवले नाहीत.

पोरं मोटारीने वाशीमवरून, शेलूबाजारावरून कारंज्याला गेली, चार दिवस राहिली आणि ढाल घेऊन आली. शेवटच्या सामन्यात गोल माझ्या भावाने केला. त्याने मला तो गोल मेथी खुडता खुडता इतक्यांदा सांगितला की मी तो स्वतः पाहिल्यासारखा मला अजून आठवतो.

सत्कार ठरला. वऱ्हाडातले कोणी मोठे पाहुणे येणार होते. मैदानात मांडव घालायचा तर खर्च, म्हणून सत्कार हॉलमध्ये. आमच्या रांगेतल्या बायकांना मास्तरांनी मुद्दाम बोलावलं. मदत कोणाची होती ते त्यांना माहीत होतं. बायकांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, जुड्यांमुळे मान दिला.

मी सकाळीच गेले होते, फुलांचे हार घेऊन. पोरं हॉल सजवत होती. भिंती, तुळई, सगळ्याला चुना मारला होता, वरून रंगीत कागदाच्या पताका. मधला टेकू तेवढा काळा दिसत होता. तो पाहुण्यांच्या टेबलाच्या बरोबर समोर येत होता. चपराश्याला खुर्च्या आणायला शेटच्या घरी पाठवलं होतं. चार पोरांनी टेकूच्या बुडावर दगड मारले, तो हलवला आणि उचलून मागच्या पडवीत नेऊन टाकला. त्यात माझा भाऊ होता. तुळई जरा कुरकुरली. पोरांनी वर पाहिलं, ती जागेवर राहिली तशी हसली.

मी तिथे होते. हातात हार होते. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की टेकू परत लावा. पण मग पोरांनी मास्तरांना बोलावलं असतं, मास्तरांनी मला विचारलं असतं, तेवढ्यात बायका येत होत्या, आणि कोणीतरी म्हणालंच असतं की मग नवी तुळई कुठे आहे. मला वाटलं, दोन घटका निघून जातील. सत्कार झाला की मीच चपराश्याला सांगेन.

बायका आल्या. म्हातारी नातीला घेऊन आली, नवं लुगडं नेसून. तिने आत पाऊल टाकलं आणि वर पाहिलं. पांढरी तुळई, खाली टेकू नाही. ती थांबली. मग माझ्याकडे वळली, आणि तिचा चेहरा असा झाला की तो मी विसरू शकले असते तर बरं झालं असतं.

"पाह्य वं, नवी टाकली," ती म्हणाली. "बोलली नाई मले. आपल्या जुड्याइची हाय."

मी हातातले हार सोडवत राहिले. तिने सगळ्या बायकांना वर बोट करून दाखवलं. मग ती बरोबर तुळईच्या मध्याखाली जाऊन बसली, नातीला मांडीवर घेऊन. मुद्दाम तिथेच बसली. बाकीच्या तिच्या भोवती बसल्या. मी दारात उभी राहिले. सगळ्यांना वाटलं असेल, विधवा बाई, हाराच्या कार्यक्रमात मागे उभी राहते. तसं नव्हतं. मला आत जायचं नव्हतं म्हणून मी आत गेले नाही.

पाहुणे आले, भाषणं सुरू झाली. हॉलमध्ये जागा उरली नाही म्हणून काही पोरं छपरावर चढली आणि कवेलू सरकवून वरून बघू लागली. बाहेर बाजा लागला. भाऊ टेबलाजवळ ढाल धरून उभा होता, पायात बूट. एवढ्यात चपराशी खुर्च्यांची शेवटची खेप अंगणात ठेवून मागच्या पडवीत गेला आणि त्याला टेकू तिथे पडलेला दिसला.

पुढचं मी सुरुवातीला सांगितलं.

गर्दी बाहेर निघाल्यावर माणसांना तुळई उचलायला खूप वेळ लागला. चपराश्याच्या खांद्यावरचा टेकू आडवा पडून भिंतीत अडकला होता आणि तुळईचा एक तुकडा त्यावर तोलला होता. त्या खालच्या सांदीत नात सापडली. रडत नव्हती. तिच्या केसांत चुना होता, बस. म्हातारी तिच्या शेजारीच होती, पण त्या सांदीच्या बाहेर.

पोलीस आले, पंचनामा झाला, वाळवी असं लिहिलं गेलं. पैशाचं कोणी विचारलं नाही. मास्तर सहा महिन्यांत बदलून गेले. जाताना मळ्यात आले होते, बांधावर उभे राहिले आणि परत गेले. मी वाफ्यातून उठले नाही. त्यांना दोष देणं सोपं आहे आणि मी बरीच वर्षं दिला. पण त्यांनी मागितलं, दिलं मी. आणि खोटं मास्तर बोलले नव्हते.

पुढच्या बाजारी मी बसले तेव्हा बायकांनी परत एकेक जुडी माझ्या पोत्यावर ठेवली. म्हणाल्या, नातीसाठी. मी त्या घेतल्या. तेव्हा तरी सांगायचं होतं. विकल्या, पैसे नातीच्या मामाकडे दिले, आणि सांगितलं नाही. त्या बायका आता एकही उरलेल्या नाहीत.

भावाला मी सांगितलं, पण त्याची दोन लेकरं झाल्यावर. तो नांगर दुरुस्त करत होता. मान वर न करता म्हणाला, "मले ठाऊक होतं, बाई. मास्तरानं गाडीतच सांगितलं होतं." मग म्हणाला की टेकूचं वरचं टोक त्याच्याच हातात होतं. त्याने पुन्हा चेंडूला पाय लावला नव्हता हे मी पाहिलं होतं, त्याचं कारण मात्र मी विचारलं नव्हतं. बूट त्याने त्याच वर्षी कापले आणि चामडं मोटेला ठिगळ म्हणून लावलं. चांगलं चामडं होतं. बरीच वर्षं त्यातून पाणी गळलं नाही.

चपराशी जागेवरच गेला. म्हातारी त्याच दिवशी गेली. छपरावरची पोरं वाचली, एकाचा हात मोडला. नात वाचली, मामाकडे वाढली, तिचं लग्न झालं, तिला नातवंडं आहेत. भाऊ जगला. मीही जगले.