निळी रेघ

टण्! भट्टीतून निघालेला प्रत्येक कप बाई कानाशी धरीत, नखाने टिचकी मारीत आणि समाधानाने सांगत, "हा बोलते." आवाज बद्द आला की कप बाजूला. "हा मुका."

चांद्याजवळच्या आमच्या कुंभारकामाच्या केंद्रात त्या जर्मनीहून आल्या होत्या. नागपूरला शिकून आलेली मी त्यांची दुभाषी. पण मराठी त्यांनी उचलली ती कारागिरांकडून, म्हणून "मले", "तुले" आणि 'का?'ऐवजी उठताबसता "काऊन?" तुम्ही ऐकले असते तर तुम्हीही आधी हसलाच असता.

मायदेशी त्या पुतळे घडवीत. युद्धात सारे फुटले. ढिगाऱ्यातून एक कप तेवढा धड निघाला आणि अख्खी गल्ली आठवडाभर त्यातून पाणी प्याली. त्यानंतर त्या कपबश्याच घडवू लागल्या.

केंद्राला पहिली मागणी आली ती बाजारातल्या हॉटेलमालकाची. "दीड डझन कप द्या, बाई. त्यातल्या सहाले निळी रेघ मारा. ते भायेर ठेवाचे हायेत."

"भायेर काऊन?"

मालक माझ्याकडे पाहू लागला. उत्तर मीच दिले, "आमच्यासाठी." माझे वडील त्याच हॉटेलाबाहेर उभ्याने चहा पीत आणि आपला कप स्वतः विसळून वेगळ्या फळीवर ठेवीत.

दुसऱ्या दिवशी बाईंचे चाक संथ फिरत राहिले, कुंचला टेकत राहिला आणि अठराही कच्च्या कपांवर जवसाच्या फुलासारखी निळी रेघ उमटली.

म्हातारे कारागीर भाऊ कासावीस झाले. "बाई, मालकानं माल वापस केला तं भट्टी बंद पडन. मंग आमी कुठी जाऊ?"

बाईंनी कुंचला धुतला. "दुसरे मी नाई करत, भाऊ."

भाजलेले कप न्यायला मालक आला. एकेक उलटसुलट करून पाहताना त्याचा चेहरा लाल झाला. "आता कोनाचा कोनता, कसा वळखू मी?"

"मले बी वळखता नाई येत," बाई शांतपणे म्हणाल्या.

भाऊंना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि मालकाजवळचे जुने कप फुटून गेले होते. पुटपुटत त्याने टोपली उचलली. भट्टी तगली. सहा कप वेगळे ठेवण्याची खटपट त्याने काही दिवस केली. पण बाजाराच्या घाईत पोऱ्या सारे एकाच बादलीत विसळी आणि ते एक होत.

हिवाळ्यात बाई मायदेशी परतल्या. चाकापाशी त्यांचा पाट रिकामा राहिला.

उन्हे तापू लागली तेव्हा मी वडिलांबरोबर बाजारात गेले. सवयीने आम्ही हॉटेलाबाहेरच थांबलो. मालकाने हातातला कप फिरवून त्याची निळी रेघ पाहिली. मग खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्याने आतले बाकडे पुसले आणि माझ्याकडे बघत म्हणाला,

"बसा."