सव्वासहाची रिकामी बस

माझे सासरे, म्हणजे बाबा, एकतीस वर्षं पोस्टमन होते. लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा सासूबाईंनी माझं शिक्षण विचारलं, नवऱ्याच्या आत्याने पगार विचारला आणि बाबांनी विचारलं, "तुमच्या घराला मागचं दार आहे का? असेल तर ते कुठे उघडतं?" मी म्हटलं, शाळेच्या मैदानाकडे. त्यांचा चेहरा असा खुलला की माझी बाजू तिथेच भक्कम झाली.

हा त्यांचा स्वभावच. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणी काय घेतलं, यात त्यांना काडीचाही रस नाही. पण एखादा माणूस या ठिकाणाहून त्या ठिकाणी कसा जातो हा विषय निघाला की ते कान टवकारतात. निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत त्यांनी आमच्या इमारतीतल्या सगळ्यांना लिफ्टमध्ये गाठून इतके प्रश्न विचारले, की वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई जिन्याने जायला लागल्या. सासूबाई मला म्हणाल्या, "यांना कुठेतरी कामाला लाव गं, नाहीतर मीच कुठेतरी जाते."

मी एका बिझनेस पार्कच्या सुविधा विभागात काम करते. शहराबाहेर चढावर सात इमारती आहेत आणि रोज चार हजार माणसं येतात. सकाळी नऊला पार्किंग भरतं. मग उशिरा येणाऱ्यांच्या गाड्या बाहेरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना लागतात. लोकांनी बसने यावं, सायकलने यावं म्हणून मालकांनी स्टेशनपासून आठ वाजता सुरू होणारी बस ठेवली, प्रत्येक इमारतीपुढे सायकल स्टँड बसवले. तरी बस अर्धी रिकामी आणि पार्किंग तुडुंब. असं का, हे शोधायला सगळ्यांना ईमेलवर प्रश्न पाठवले, तर दहातल्या एकानेही उत्तर दिलं नाही. आमचे मोठे साहेब म्हणाले, "कागदावर छापा आणि हातात नेऊन द्या. पिच्छा पुरवणारा कोणीतरी माणूस बघा."

मी म्हटलं, "असा एक माझ्या घरातच आहे."

पहिल्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट आणि खांद्याला जुनी पिशवी अशा थाटात आले. मी त्यांना कर्मचाऱ्यांची यादी दिली. संध्याकाळी बघते तर यादीत नसलेल्यांचेही फॉर्म भरून आलेले. सफाईच्या बायका, कँटीनमधले आचारी, पहारेकरी. मी म्हटलं, "बाबा, हे कंत्राटदाराचे लोक आहेत, आपल्या यादीत येत नाहीत."

"दारात माणूस उभा असताना त्याला वगळून पुढे जायची मला सवय नाही," ते म्हणाले. "आणि ते राहू दे. तुझा चौथा प्रश्न चुकलाय."

चौथा प्रश्न असा होता: आपण कामावर कसे येता? स्वतःची गाडी, बस, सायकल किंवा पायी. कोणत्याही एकावर खूण करा. सफाईच्या बायकांची एक मुकादमबाई आहे, पन्नाशीची, मोजकं बोलणारी. तिने बाबांना विचारलं होतं, "तीन खुणा केल्या तर चालतील का? नवरा सायकलवर नाक्यापर्यंत सोडतो. तिथून स्टेशनपर्यंत बस. आणि स्टेशनपासून इथवर चालत."

"चालत का? पार्काची बस आहे की."

"ती आठला सुटते, काका. आम्ही साडेसहाला झाडू हातात घेतो."

एवढं ऐकल्यावर बाबांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पावणेसहाला स्टेशनबाहेर जाऊन उभे राहिले आणि त्या एकोणीस बायकांबरोबर चालत आले. चाळीस मिनिटांचा चढ. रस्त्याला पदपथ नाही, एका बाजूला नाली. पुढची बाई टॉर्च धरते, मागची धरते, मधल्या एका रांगेत चालतात. अर्ध्याहून जास्त वाट संपली तेव्हा मागून एक बस आली. आत सगळे दिवे लागलेले, एकही माणूस नाही आणि पुढच्या काचेवर आमच्या पार्कचं नाव.

"ही कुठे चालली?" बाबांनी विचारलं.

"पार्कातच. रोज जाते याच वेळेला."

"रिकामी?"

"रिकामी."

"मग तुम्ही हात का नाही करत?"

मुकादमबाई म्हणाली, "ती पासवाल्यांची आहे."

पार्कात पोचल्यावर बाबा थेट मागच्या बाजूला गेले. तिथे ड्रायव्हर नळी घेऊन बस धूत होता. बाबा त्याच्या खनपटीलाच बसले. गाडी इतक्या लवकर का आणता? तर डेपोत पाण्याची सोय नव्हती म्हणून तो इथे आणून धुवायचा आणि मग आठच्या फेरीला खाली जायचा. वाटेत बायका दिसतात का?

"दिसतात ना. रोज दिसतात," ड्रायव्हर म्हणाला. "पाय ब्रेकवर जातोसुद्धा. पण पास नसलेल्या माणसाला घेतलं तर माझी नोकरी जाईल. आणि खरं सांगू का, आजवर कोणी विचारलंच नाही."

बाबांनी हे सगळं मला जेवताना सांगितलं. मी म्हटलं, "तो कंत्राटदाराचा प्रश्न आहे."

"झाडतात कुणाच्या इमारती?" त्यांनी विचारलं आणि पुन्हा जेवायला लागले.

त्याच आठवड्यात ते तिसऱ्या इमारतीतल्या टेलिफोन ऑपरेटरकडे पोचले. तिशीची बाई, जन्मापासून दिसत नाही, हातात पांढरी काठी. बाबांनी तिला फॉर्म वाचून दाखवला. ती म्हणाली, "खूण तुम्हीच करा, काका. पण मी खरंच कशी येते ते बघायचं असेल तर उद्या गेटपाशी या."

दुसऱ्या दिवशी बाबा तिच्या कोपराला धरून, स्वतःचे डोळे मिटून चालले. गेटपासून इमारतींकडे उंचवट्याच्या पिवळ्या फरशांची पट्टी जाते. दिसत नसलेल्या माणसाला पायाने वाट कळावी म्हणून ती बसवलेली आहे. पार्कात नऊ वर्षं काम करून मला ती फक्त नक्षी वाटायची, हेही इथेच सांगून टाकते. तिसऱ्या इमारतीच्या कोपऱ्याशी ऑपरेटर थांबली आणि पट्टी सोडून गाड्यांच्या रस्त्यावर उतरली.

"इकडे का उतरलात?"

"पुढे पट्टी सायकलींच्या पोटात जाते."

बाबांना असं ऐकीव चालत नाही. ते डोळे मिटूनच पट्टीवरून पुढे गेले आणि लोखंडी स्टँडवर आदळले.

"लागलं?" ऑपरेटरने विचारलं.

"लागलं."

"कुठे?"

"नडगीला."

"मला गुडघ्याला लागलं होतं," ती म्हणाली.

"मग तक्रार केली नाहीत?"

"दोनदा केली. सुविधा विभागाचे फोन मीच सगळ्यांना जोडून देते, तसा स्वतःलाही जोडून घेतला. एका बाईंनी अगदी नीट लिहून घेतलं. आवाज फार चांगला होता त्यांचा."

त्या संध्याकाळी बाबा नडगीला मलम लावत बसले होते. मला म्हणाले, "तिसऱ्या इमारतीच्या सायकल स्टँडबद्दल तुमच्याकडे काही नोंद आहे का, बघशील?"

मला बघायची गरज नव्हती. ती बाई मीच. दोन्ही वेळा मी नकाशा उघडला होता. नकाशात स्टँड पट्टीपासून चांगला दोन फूट लांब होता. मी "नकाशाप्रमाणे योग्य" असं लिहून तक्रार बंद केली होती. माझ्या टेबलापासून ती जागा चालत तीन मिनिटांवर आहे. हे सगळं मी त्यांना सांगितलं. सांगताना माझा आवाज काही फार चांगला लागला नाही.

बाबांनी मलमाची डबी बंद केली आणि म्हणाले, "नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका म्हातारीची पत्रं मी तीन महिने चुकीच्या दारात टाकली. पत्ता बरोबर होता, घर बरोबर होतं. पण त्या घराला दारं दोन होती आणि ती मागच्या खोल्यांत राहायची. पुढच्यांशी तिचं बोलणं नव्हतं."

"मग?"

"मग मागे जाऊन दार बघून आलो. तेव्हापासून आधी दार विचारतो."

सकाळी मी टेप घेऊन तिसऱ्या इमारतीपाशी गेले. नकाशात जिथे स्टँड होता तिथे गटाराची जाळी होती. कामगारांनी जाळी सोडून स्टँड दोन फूट अलीकडे रोवला होता, नेमका पट्टीवर. चार दिवसांत मी तो उखडून दुसऱ्या बाजूला बसवून घेतला. ऑपरेटरला फोन करून माझं नाव सांगितलं आणि तक्रार बंद करणारी मीच हेही सांगितलं. ती म्हणाली, "आवाजावरून ओळखलं मी." आणि मग, "बरं झालं, फोन केलात."

बसचं मात्र इतक्या सहज जमेना. साहेबांनी आधी विम्याचं कारण पुढे केलं, मग कराराचं, मग पासच्या नियमाचं. बाबा त्यांच्यासमोर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "मी वाद घालायला आलो नाही, साहेब. माझा एक फॉर्म भरायचा राहिलाय. तुमचा."

"मी गाडीने येतो. करा खूण."

"करतो. पण एक दिवस माझ्याबरोबर चालत या. पावणेसहाला, स्टेशनपाशी."

त्या पहाटे मीही गेले. साहेब येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते आले. ऑफिसचेच बूट घालून आले, त्यामुळे दहा मिनिटांत लंगडायला लागले. समोरून ट्रक आला तेव्हा सगळ्या बायका सवयीने नालीच्या कडेला सरकल्या. साहेब होते तिथेच उभे राहिले. मुकादमबाईने त्यांना बाही धरून ओढलं आणि लगेच बाही सोडून दिली. थोड्या वेळाने मागून बस आली आणि झगझगीत दिवे लावून आमच्या शेजारून गेली. वळणाआड जाईपर्यंत साहेब तिच्याकडे बघत होते.

"किती सीट आहेत हिच्यात?" त्यांनी मला विचारलं.

"बत्तीस."

"आणि तुम्ही किती जणी?"

"एकोणीस," मुकादमबाई म्हणाली.

शुक्रवारी त्या बायकांना पास द्यायचा आदेश निघाला. तरी पास मिळायला तीन आठवडे लागले, कारण कंत्राटदार फोटो देईना. शेवटी बाबांनीच एकेकीला भिंतीपुढे उभं करून फोटो काढले. दोन फोटोंत त्यांचं बोट आलं, ते पुन्हा काढावे लागले. पहिल्या दिवशी बस स्टेशनपाशी थांबली, दार उघडलं आणि बायका ड्रायव्हरकडे बघत खालीच उभ्या राहिल्या. ड्रायव्हर म्हणाला, "चढा ना. मला अजून गाडी धुवायची आहे." तेव्हा कुठे मुकादमबाई पहिली पायरी चढली.

या सगळ्यात मूळ काम बाजूलाच पडलं. बाबांनी सहाशेच्या वर फॉर्म भरून आणले, पण ज्या कंपनीकडे आकडेमोड द्यायची होती तिने ते परत पाठवले. खुणांपेक्षा समासातला मजकूर जास्त होता. पार्किंग आजही नऊला भरतं. साहेबांनी मात्र बाबांना आठवड्यातून तीन दिवस कायम येऊ दिलं आणि ते फॉर्म स्वतःच्या कपाटात ठेवले. कधीमधी दुपारी ते त्यातले चार-दोन वाचताना दिसतात.

बाबा सध्या एकेकटे गाडीने येणाऱ्यांच्या मागे लागलेत. परवानगी घेऊन शेजारच्या सीटवर बसून येतात. गेल्या आठवड्यात पाचव्या इमारतीतल्या एका अकाउंटंटबरोबर आले. मोठी गाडी, आत हा एकटा, घर बसच्या वाटेवरच. बाबांनी विचारलं, बसने का येत नाही? त्याने आधी दोन सिग्नल पार केले. मग म्हणाला, "घरी आई आजारी असते, ऑफिसात फोन थांबत नाही. इथे पस्तीस मिनिटं मला कोणी हाक मारत नाही, काका."

बाबांनी हे संध्याकाळी चहाच्या वेळी सांगितलं. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. उतरेपर्यंत मीही बोललो नाही," ते म्हणाले. "उद्या परत या म्हणालाय."