नेत्राचे तीन ठोसे

नेत्राने डास सोडले तर आयुष्यात कशावरही हात उचलला नव्हता. कोथरूडची पोर, अकरा वर्षं जपानमधल्या सेंदाई शहरात, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासायचं काम, सायकलवरून येणंजाणं. सगळ्यांशी गोड, आणि हेच तिचं दुखणं होतं हो! साहेबांनी काम लादलं की ही मान डोलावणार, सासऱ्यांनी टोमणा मारला की ही त्यांना गरम पोळी वाढणार.

सासरे जगदीशराव, निवृत्त मुख्याध्यापक, तीन महिन्यांसाठी आले होते. "मी सह्याद्री पालथा घातलाय," हे दिवसातून दोनदा ठरलेलं. म्हणून तिने मे महिन्यात दक्षिणेकडच्या एका चुनखडीच्या बेटावर सहल काढली. डोंगरवाटा, गुहा, समुद्र, सगळं एकाच ठिकाणी. नवरा पार्थ ऑफिसात अडकलेला, त्यामुळे सासरे, ती आणि आठ वर्षांची सई असे तिघंच निघाले.

पहिल्याच दिवशी समुद्रावर आजोबांनी काहीतरी विचारलं आणि सई जपानीत उत्तर देऊन पाण्याकडे पळाली. जगदीशरावांनी तिला दंडाला धरून मागे खेचलं आणि फाडकन कानाखाली वाजवली. पोरगी वाळूत आडवी झाली.

"पार्थलाही मी असाच सरळ केला," ते म्हणाले.

आणि नेत्रा? तिने सईच्या तोंडावरची वाळू पुसली आणि विचारलं, "बाबा, चहा घेऊया ना?" अहो, सांगतानासुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते! रात्रभर तिचाही डोळा लागला नाही, पण सकाळी तोंडातून ब्र नाही.

दुसऱ्या दिवशी गुहा. बरोबर बेटावरचीच एक तरुण गाईड होती. आत कमरेएवढा ओढा आणि मध्ये एक अरुंद फट. ती ओलांडून पुढे गेल्यावर गाईडने पाण्याला हात लावून पाहिला. पाणी गढूळ झालं होतं.

"वर पाऊस लागलाय. आत्ताच्या आत्ता परत फिरा," ती जपानीत ओरडली.

नेत्राने सासऱ्यांना मराठीत काय सांगावं? "बाबा, आता निघूया का?"

"शेवटचं दालन बघितल्याशिवाय?" जगदीशराव पुढे चालू लागले. ऐकतील तर ते जगदीशराव कसले! त्यांना वळवण्यात दहा मिनिटं गेली.

परत येईपर्यंत फटीत पाणी छातीला लागलं होतं. आधी गाईड पलीकडे गेली आणि तिने दोर ताणून धरला. मागोमाग जगदीशराव. सईला काखेत घट्ट धरून नेत्रा शेवटी. फटीच्या मधोमध जगदीशरावांच्या पायाखालचा दगड सुटला आणि म्हाताऱ्याची भीतीने गाळण उडाली. ते उलटे फिरले, नेत्राच्या अंगावर चढले आणि तिच्या हेल्मेटचा पट्टा धरून तिला पाण्याखाली दाबायला लागले. नाकातोंडात पाणी गेलं. त्यांचा गुडघा तिच्या बरगडीत बसला. आणि सई तिच्या हातातून सुटली.

नेत्रा कशीबशी वर आली. मागे अंधारात खडकाला धरून सई "आई" म्हणून किंचाळत होती, पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं आणि पुढे बाहेरची वाट अडवून आजोबा उभे होते. "बाबा, सोडा!" नेत्रा ओरडली. त्यांनी पुन्हा तिच्या हेल्मेटचा पट्टा आवळला.

तेव्हा तिने मूठ वळली आणि सगळा जीव एकवटून त्यांच्या तोंडावर हाणली. नाकाचं हाड मोडलं, ते तिच्या बोटांना कळलं. पट्टा सुटला. जगदीशराव थबकले, हात खाली पडले. नेत्राने पुन्हा मारलं. ओठ फाटला. आणि पुन्हा मारलं. मग गाईडने त्यांना कॉलरला धरून पलीकडे ओढलं, आणि नेत्राने सईला केसांना धरून वर उचलून फटीतून ढकललं.

तासाभराने गाईडसह तिघं बेटावरच्या दवाखान्यात होती. नेत्राची बोटं सुजून टम्म झाली होती. तिला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच जास्त भीती वाटत होती. डॉक्टरांनी जपानीत विचारलं, नाक कसं मोडलं?

"पाय घसरून खडकावर आपटलो, म्हणून सांग," नाकाला कापूस लावलेले जगदीशराव म्हणाले. "घरातलं घरात राहू दे."

नेत्राने डॉक्टरांकडे बघून सावकाश चार वाक्यं सांगितली. लिहिता लिहिता डॉक्टरांचा हात थांबला. गाईडने मान खाली घातली.

"काय म्हणाली गं ही?" जगदीशरावांनी नातीला विचारलं.

ब्लँकेटमध्ये कुडकुडत बसलेल्या सईने मराठीत सांगितलं, "आई म्हणाली, मी मारलं. तीनदा. पहिला ठोसा, आजोबांनी सोडावं म्हणून. बाकीचे दोन रागाने."

कसला राग, हे जगदीशरावांनी विचारलं नाही. नातीच्या नजरेला नजर देणं काही त्यांना जमेना.