वाण परत घेतलं तेव्हा

वाणाचा स्टीलचा डबा माझ्या हातात आला होता. कपाळाला हळदीकुंकू लागलं होतं, तिळगूळ तोंडात होता. तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. त्यांच्या घरी मी रोज पोळ्या करते. हे हळदीकुंकू ठेवणाऱ्या, महापालिकेला उभ्या असलेल्या ताईंना त्या हळूच म्हणाल्या, "हिला नको. नेपाळची आहे. मत नाही हिला."

ताई हसल्या. "अगं, मग आधी सांगायचं ना." डबा माझ्या हातातून काढून घेतला, मागच्या बाईला दिला. कुंकू तेवढं पुसायचं राहिलं.

मी डब्यासाठी गेलेच नव्हते. पाथर्डी फाट्याजवळ आम्हा नेपाळवाल्यांच्या खोल्यांची लाइन आहे, तिथे नळ नाही. शेजारच्या, वहिनींच्याच सोसायटीच्या टाकीवरून हंडे भरतो, तेही त्यांची मर्जी असेल तर. बायका म्हणाल्या होत्या, ताईंशी तू बोल, तुझं मराठी चांगलं आहे. असणारच. बापाच्या कडेवर बसून नाशकात आले, महापालिकेच्या शाळेत शिकले. बाप वॉचमन होता, नवरा वॉचमन आहे. नळाचं बोलणं राहूनच गेलं. घरी येऊन हंडा उचलला. रडूसुद्धा आलं नाही, नुसता वीट आला.

मतदानाच्या आधी वहिनी म्हणाल्या, "उद्या ताईंच्या रॅलीला बायका कमी पडतायत गं. तुमच्या लाइनीतल्या घेऊन ये. जेवण आहे."

दर निवडणुकीला मीच नेत होते. झेंडा धरायला कुणी मुलूख विचारत नाही.

लाटणं न थांबवता म्हटलं, "आम्हाला मत नाही ना, वहिनी? मग गर्दीपण नाही."

"डब्याचा राग धरलास होय? दुसरा देते."

"डबा नको. नळ पाहिजे."

लाइनीतलं कुणी रॅलीला गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या टाकीला कुलूप लागलं.

आता फाट्यापलीकडून पाणी आणतो. मान दुखते. बायका मलाच बोल लावतात, मी ऐकून घेते. दिल्लीत कुणी बसायचं ते तुम्ही ठरवा, मी त्यात तोंड घालत नाही. पण माझ्या दारात पाणी यावं की नाही, हे ठरवताना मीच का नको? हयात इथे गेली, मरणारही इथेच.

वॉर्डाचं मत मला पाहिजे. प्रत्येक सभेत उभी राहून हेच म्हणणार. हाकललं, तर दाराबाहेर उभी राहून म्हणेन.