निळ्या खडूची फुली

नोकरीत पकडलेले बरेच चोर मी विसरलो, तेही मला विसरले असतील. पण घाटकोपरला पकडलेली 'सुमनताई' काही केल्या मनातून जात नाही.

तेव्हा मी मुलुंडच्या एका ठाण्यात होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि मोबाइलवरच्या तक्रारी माझ्याकडे सोपवल्या होत्या. मला त्यातलं काही कळत नाही, हे वरिष्ठांना अजून कळायचं होतं.

एका दुपारी तिशीतली एक मुलगी आली. बँकेतली नोकरी सोडून ती तान्ह्या बाळांसाठी गोधड्या शिवायची आणि स्वतःच्या पेजवर विकायची.

"साहेब, सुमनताई नावाचं एक खोटं अकाउंट माझ्यामागे लागलंय. काही टाकलं की पहिली तीच बघते. प्रत्येक डिझाइन मागवते आणि वर सुनावते, 'कड दुहेरी शिवा, बोरिवलीची बाई दुहेरी शिवते.' एकदा तरी छान म्हणावं ना! मार्केटिंगच्या क्लासमध्ये शिकवलंय आम्हाला, एवढं खोदून विचारणारं गिऱ्हाईक नसतं, स्पर्धक असतो. सगळं शिकून घेईल आणि माझं दुकान बसवेल. ह्या कामासाठी मी घर सोडलंय, साहेब."

तक्रार अदखलपात्र होती. नोंद घेऊन समज दिली असती तरी चाललं असतं. पण माझ्यातला गुप्तहेर जागा झाला. मीही खोटं अकाउंट उघडलं, सूर्यफुलाचा फोटो लावला आणि पेजवर पाळत सुरू केली. चौकशीची सवय बोटांतही असते. मी त्या मुलीलाच विचारत सुटलो: गोधड्या कुठे शिवता? सोबत कोण असतं?

दुसऱ्या दिवशी पोरगी धावत ठाण्यात. "साहेब, आता अजून एक आलीय! ही तर त्या सुमनताईपेक्षा डेंजर आहे."

आमच्या महिला हवालदाराने तिचा फोन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "सर, हे सूर्यफूल तुमचं ना?"

ठाणं आठवडाभर हसत होतं. मुलीने मला तिथल्या तिथे ब्लॉक केलं.

मग जुन्या वाटेने गेलो. सुमनताईची पार्सलं घाटकोपरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात उतरायची. मी साध्या वेशात तिथे उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, चहा घेणार?" शर्ट साधा होता, बूट मात्र खात्याचे, तपकिरी.

इतक्यात सत्तरीचे एक गृहस्थ आले आणि त्यांनी पार्सल उचललं. मी पुढे झालो. "सुमनताई तुम्हीच का?"

त्यांनी मान खाली घातली.

"धंदा कुठे आहे तुमचा?"

"धंदा नाय, साहेब. घरी चला, दाखवतो."

चाळीतल्या खोलीत कपाटभर गोधड्या होत्या. मुलीच्या होत्या, बोरिवलीच्या होत्या, आणखी कुणाकुणाच्या होत्या. जिथे टाका चुकला तिथे निळ्या खडूची फुली. मी विजयी मुद्रेने मुलीची एक गोधडी पुरावा म्हणून काखेत मारली आणि दरडावलं, "दुसऱ्याचा माल कशाला तपासता?"

"मिलमध्ये कापड तपासायचो मी. खोट दिसली की फुली मारायची, तेच काम." ते खाटेवर बसले. "ती माझी मुलगी आहे. नोकरी सोडली म्हणून मी वाटेल ते बोललो. ती गेली. फोन उचलत नाही. बाजारात दुसरे काय विकतात ते तिला कोण सांगणार? म्हणून मागवून बघतो आणि कळवतो."

"छान म्हणून एकदा तरी कळवायचं."

"ते जमत नाय." मग शहरातली बोली गळून गावाकडची मालवणी आली. "साहेब, तिका सांगू नकात. ब्लॉक केल्यान तर माका ती दिसाची पण नाय."

मी शब्द दिला.

मुलीला बोलावून मोघम सांगितलं, "चौकशी झाली. ती व्यक्ती स्पर्धक नाही. ब्लॉक करू नका." एक अक्षर जास्त बोललो नाही. फक्त तो पुरावा माझ्या टेबलावर, फुली वर करून, तसाच पडला होता. मी शब्द पाळला, गोधडीने नाही पाळला.

तिने फुलीवर बोट ठेवलं.

"माझ्या शाळेच्या युनिफॉर्मवर पण बाबा मारायचे," ती म्हणाली. "टीप वाकडी गेली की. आई चिडायची, धुतल्याशिवाय जायची नाही ती." मग गोधडी उलटीपालटी करून पाहिली. "एकच आहे हो, साहेब. एवढ्या मोठ्या गोधडीवर एकच फुली!"

तिने फोन काढला. लिहिताना पुटपुटत होती म्हणून मला ऐकू आलं. "सुमनताई, पुढची गोधडी पार्सल करत नाही. घेऊन येते. खडू तयार ठेवा."

तक्रार मागे घेतल्याचं लिहून देऊन ती उठली आणि पुरावाही घेऊन गेली. मी अडवलं नाही.

इतकी वर्षं मी माणसांवर पाळत ठेवली, ती त्यांच्या चुका शोधायला. तसंच बारीक लक्ष कुणी जीव लावूनही ठेवतं, हे मला ठाण्यातली खुर्ची सोडता सोडता समजलं. आता नातवासाठी तिच्याकडून एक गोधडी मागवायची आहे. पण सूर्यफूल अजून ब्लॉकच आहे.