जीपवरून सांगितलेलं

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘नर्व्ह डेफनेस’. खाली मराठीत, कानाची नस कायमची गेली. क्षयासाठी घेतलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी कधीकधी असं होतं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात बाकावर बसून मी तो कागद चारदा वाचला. क्षय बरा झाला होता. पण आरमोरीकडच्या खेड्यातली माझी मास्तरकी सुटली.

सुरुवातीला लोक पाटीवर लिहून बोलत. मग कंटाळले. पारावर गेलो की सरकून जागा देत आणि आपसांत बोलत राहत. बायको, शेवंता, ओठ हळू हलवून बोलायची. तेवढाच आधार.

एका श्रावणात ती माहेरी गोंडपिपरीला गेली. तिसऱ्या दिवशी मला हगवण-ओकारी सुरू झाली. शेजाऱ्यांनी बैलगाडीतून आरोग्य केंद्रात नेलं. ‘डिहायड्रेशन’, म्हणजे अंगातलं पाणी संपलेलं. दोन दिवस सलाईन. पायांत गोळे यायचे. आजूबाजूच्या खाटांवर ओठ हलत; वाटे, माझ्याबद्दलच बोलताहेत.

आरोग्यसेवक मेश्रामभाऊ पाटी घेऊन आले. लिहिलं, ‘गुरुजी, विहिरीचं पाणी उकळून प्या, असं जीपवरच्या भोंग्यातून दोनदा सांगितलं होतं.’

“मले कोणी सांगतलं?” मी ओरडलो असेन, कारण सगळे वळून बघू लागले.

मेश्रामभाऊंनी पाटी पुसली.

पुढच्या पावसाळ्यात जीप निघायच्या आधी ते घरी आले. पाटीवर लिहिलं, ‘यंदा कसं सांगू?’

मी म्हणालो, “विहिरीपाशी मोठ्या अक्षरात लिहा. ज्याले वाचता येत नाई, त्याच्यासाठी चुलीवरच्या उकळत्या पातेल्याचं चित्र काढा. अन् नाल्यापलीकडं जीप जात नाई. तिथी सगुणाबाई एकट्या राह्यतात, त्याईले दिसत नाई. त्याईच्याकडं मी जातो.”

तुमच्यापैकी कोणाचे कान असे गेले असतील, तर गावात काय सांगून राह्यले ते स्वतः जाऊन विचारा. लाज वाटते. मलाही वाटायची.

दुसऱ्या दिवशी नाला ओलांडून गेलो. सगुणाबाईंच्या दारात उभा राहून सगळं सांगितलं. माझा आवाज कसा निघाला, मला ठाऊक नाही. त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि दोनदा घट्ट दाबला.

त्यांना ऐकू गेलं होतं.